कादंबरीची गटचर्चा : मुलांनी चालवावयाची
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत वर्गातील कादंबरीवाचनाविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी केंद्रप्रमुखांची इच्छा आहे. विषय जाहीर होताच आपल्यापैकी काहींच्या मुद्रेवर जे भाव उमटले ते मी पाहिले. पाठ्यपुस्तक पुरे होण्याची मारामार, त्यात रोज भरावयाच्या माहितीची भर, आणि हे गृहस्थ कादंबरी वाचावयास सांगतात! ही तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी वीस वर्षे आपल्यासारखाच वर्गावर उभा होतो. म्हणूनच आरंभी माझ्याच वर्गातील एक गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मी सातवीच्या मुलांना दरवर्षी वाचून दाखवीत असे. गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हेही न चुकता सांगत असे. वाचता वाचता माझा स्वतःचा आवाज कापत असे, मुलींचे डोळे पाणावत, आणि पाठ यशस्वी झाला असे मी समजत असे. एका वर्षी पोहण्याचा प्रसंग आला. श्यामला पाण्याची भीती वाटते, तो लपून बसतो, आणि आई त्याला मारीत पोहावयास धाडते. पुढे ती त्याला मायेने समजावतेही. वाचन संपताच पुढच्या ओळीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, भीती वाटणे हा काय गुन्हा आहे? त्याला मारले कशाला?” मी काय उत्तर दिले असेल? “आईच्या मायेवर शंका घेऊ नये. बस खाली.” ती बसली. पुढे परीक्षेत ‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर तिने निबंध लिहिला. त्यात आई किती थोर होती, तिचे संस्कार किती मोलाचे होते, हे सारे माझ्याच शब्दांत होते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. त्या वर्षी तिने वर्गात पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

या प्रसंगाला आता बरीच वर्षे लोटली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यान्वये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी आली. त्या कायद्याची माहिती देण्यासाठी मी शाळोशाळी फिरलो, तेव्हा त्या मुलीचा प्रश्न मला वारंवार आठवे. कायद्याने जे पुढे सांगितले तेच तिने एका कादंबरीच्या आधाराने आधी विचारले होते, आणि विचारल्याबद्दल मी तिला खाली बसविले होते.

आता गटचर्चा म्हणजे काय, याकडे वळू. आपल्या वर्गात प्रश्नोत्तरे होत नाहीत असे नाही. शिक्षक प्रश्न विचारतो, दहा हात वर होतात, एकजण उत्तर देतो, शिक्षक “शाबास” म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. यात बोलणे प्रत्येक वेळी शिक्षकापासून निघते आणि शिक्षकाकडेच परत येते. मुलांनी चालवावयाच्या चर्चेत पाच-सहा मुले गोल करून बसतात, एकच कादंबरी ठरल्याप्रमाणे थोडी थोडी वाचतात, प्रश्न मुलेच काढतात आणि उत्तरेही एकमेकांना देतात. शिक्षक त्या गोलाच्या बाहेर असतो. हे लिहावयास सोपे आणि करावयास फार अवघड आहे, आणि अवघडपणा मुलांचा नसून आपला आहे.

आपण ज्या जिल्ह्यात काम करतो तेथे ग्रंथ मिळून ऐकण्याची चाल जुनी आहे. पैठण ही नाथांची नगरी. गावोगावी चातुर्मासात पोथी लागते, एकजण वाचतो, जाणता अर्थ सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. या परंपरेने निरक्षर माणसालाही ग्रंथाची गोडी लावली, तिचे ऋण मोठे आहे. परंतु आपला भाषेचा तास नकळत त्याच साच्यात बसला आहे. वाचणारा शिक्षक, अर्थ सांगणाराही शिक्षक. आपल्या परंपरेत दुसराही एक धडा आहे, तो मात्र आपण विसरतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, तेव्हा ते स्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन विचारीत राहिले. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर महानुभावांनी तसे पाठभेद टाकून न देता जपले. एका प्रसंगाच्या दोन आठवणी शेजारी शेजारी नांदू शकतात, एवढी समज सातवी-आठवीच्या मुलाला यावी, इतकीच माझी अपेक्षा आहे.

पुस्तक कोणते घ्यावे, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. पाचवी-सहावीसाठी मी अजूनही ‘श्यामची आई’च सुचवितो. बेचाळीस रात्रींत विभागलेली ही कथा आहे आणि प्रत्येक रात्र एका तासात वाचून होते. शिवाय तिची मांडणीच आपल्या कामाची आहे. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगतो, मित्र ऐकतात, मध्ये काही विचारतात, दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. म्हणजे पुस्तकातच एक गट बसलेला आहे! मात्र एक सावधगिरी बाळगावी. या पुस्तकाविषयी काय वाटावे हे मुलांना आधीच ठाऊक असते. “आई थोर होती” या वाक्यावर गट पाच मिनिटांत थांबतो. अशा वेळी पोहण्याचा प्रसंग घ्यावा, किंवा श्यामच्या वडिलांवर कर्ज कसे चढत गेले हे शोधावयास सांगावे. सावकार, जप्ती, तरीही न सुटणारी घराण्याची प्रतिष्ठा, हे विषय आपल्या मुलांच्या घरात आहेत. त्यावर ती जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते.

आठवीसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५५ सालची ही कादंबरी आकाराने लहान आहे. औंध संस्थानातील माणदेशी मुलखात, धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर बदलून येतो, कारभाऱ्याच्या मदतीने मुले जमवितो, गावाकडून तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात, आणि पुढे पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. एकशिक्षकी शाळा, दुष्काळ, सुटणारे गाव! मराठवाड्यातील शिक्षकाला या पुस्तकाची प्रस्तावना करण्याची गरज आहे काय? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्या वेळी खडी फोडलेल्या एखाद्या आजीला वर्गात बोलवावे आणि पुस्तकातील दुष्काळ तिच्यापुढे वाचून दाखवावा.

माणदेशी बोली मुलांना कळेल काय, अशी शंका घेतली जाते. उलट अनुभव असा की, तेथील शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात हा वाद गटात सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळेपणाने रंगतो, कारण तेथे प्रत्येक मूल जाणकार असते. येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले. त्यांची उर्दू पुढे फार सुंदर झाली आणि शेवटपर्यंत ते तिच्यावर प्रेम करीत राहिले. परंतु ते म्हणत, “शाळेत मी कधी प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न मनात मराठीत यायचा.” आज आपली शाळा मराठीच आहे, तरी वाडी-तांड्यावरच्या मुलाच्या मनात प्रश्न कोणत्या बोलीत येतो हे आपण पाहतो काय? गटात त्याने घरच्या बोलीत बोलावे. शुद्धलेखनाची वही निराळी आहे.

प्रतींचा प्रश्न मोठा आहे असे सांगितले जाते. तीस मुलांना तीस प्रती लागत नाहीत. गटाला एक याप्रमाणे पाच-सहा प्रती पुरतात, कारण गटात एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे हे अधिक बरे. अडखळत वाचणाऱ्या मुलाचीही त्यात सोय होते. त्याला वाचता येत नाही म्हणून विचार करता येत नाही, असे थोडेच आहे? दोन शिक्षकी शाळेत सातवी-आठवी मिळून आठच मुले असतील, तर त्यांचा एकच गट करावा. आठांच्या पुढे मात्र गट जाऊ देऊ नये.

प्रतींविषयी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपण बोलून दाखवीत नाही. पुस्तक हरवेल ही ती भीती. शाळा तपासणीत मी ग्रंथालयाचे कपाट उघडावयास सांगतो, तेव्हा किल्ली शोधण्यात दहा मिनिटे जातात. आत पुस्तके नवी कोरी असतात. मुख्याध्यापकांचा दोष नाही, पुस्तक गहाळ झाले तर जबाब त्यांना द्यावा लागतो, आणि न वाचलेल्या पुस्तकाचा जबाब मात्र कोणीच मागत नाही. मी स्वतः तपासणी अधिकारी असल्यामुळे हे वाक्य माझ्यावरही येते, हे मला ठाऊक आहे.

आता ज्या शाळेत हा प्रयोग मी प्रथमपासून शेवटपर्यंत पाहिला, तेथील हकीकत सांगतो. शाळा पैठण तालुक्यातील, वर्ग आठवीचा, मुले सत्तावीस. शिक्षक तरुण, उत्साही आणि थोडे उतावळे. आठवड्यातून दोन तास, असे आठ आठवडे ‘बनगरवाडी’साठी ठरले. पाच गट पाडले. चांगले वाचणारे, अडखळणारे, बडबडे, अबोल अशी सरमिसळ केली. मुलगे आणि मुली एकाच गटात बसविण्यास पहिल्या दिवशी कुरकुर झाली, दुसऱ्या दिवशी ती राहिली नाही.

पहिला तास पूर्ण फसला. “चर्चा करा” असे सांगताच पाचही गट गप्प. मुले शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत होती. दहा मिनिटांनी बोलणे सुरू झाले ते घरच्या म्हशीचे आणि क्रिकेटचे. एका गटात सरपंचांचा मुलगा होता, तो एकटाच बोलला आणि शेवटी “आमचे सर्वांचे मत एक आहे” असे त्याने जाहीर केले. शिक्षक हिरमुसले. मी त्यांना म्हणालो, “आठ वर्षे आपण यांना गप्प बसण्याचे शिक्षण दिले. ते पस्तीस मिनिटांत कसे जाईल?”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चिठ्ठ्या केल्या. गटातील एकाने प्रश्न काढून चर्चा चालवावयाची, दुसऱ्याने पुन्हा वाचण्याजोगा उतारा निवडावयाचा, तिसऱ्याने अडलेले शब्द टिपावयाचे, चौथ्याने प्रसंगाचे चित्र काढावयाचे, पाचव्याने कोण काय म्हणाले याची नोंद ठेवावयाची. दर तासाला चिठ्ठ्या फिरवावयाच्या. यामुळे सरपंचांच्या मुलाला शब्द टिपावे लागले आणि कधी न बोलणाऱ्या मुलाच्या हाती चर्चा आली. काम एकदम मार्गी लागले. पुढे आणखी दोन आठवड्यांनी मी गेलो, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. एकेक मूल आपापली चिठ्ठी वाचून दाखवी आणि बसे. प्रश्न वाचला, उतारा वाचला, शब्द वाचले, झाले. कोणी कोणाला उत्तर देत नव्हते.

हा अनुभव आपलाच आहे असे समजू नका. अमेरिकेत शिकागो येथील हार्वे डॅनियल्स या अध्यापकाने अशा वाचनगटांवर १९९४ साली पुस्तक लिहिले, तेव्हापासून या वाटून दिलेल्या कामांचा तिकडे मोठा प्रसार झाला. त्याच डॅनियल्सना २००२ च्या आवृत्तीत इशारा द्यावा लागला की, कामांचे कागद यांत्रिक होऊन बसतात आणि त्यात चर्चा मरते. कागद ही सुरुवातीची काठी होय. मूल चालू लागले की ती काढून घ्यावी. आमच्या शिक्षकांनी चौथ्या आठवड्यात चिठ्ठ्या बंद केल्या, फक्त चर्चा चालविणारा आणि नोंद ठेवणारा एवढे दोघे ठेवले.

प्रश्न कसा काढावा, हे मात्र शिकवावे लागते, आणि त्यासाठी एक संपूर्ण तास द्यावा. फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. ‘तालमीच्या उद्घाटनाला कोण आले?’ हा पहिला. ‘पोटाला पुरेसे नसलेल्या वाडीने तालीम कशासाठी बांधली?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पानावर आहे, सापडले की बोलणे संपले. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही एका पानावर नाही, तरी पुस्तक सोडून ते देताही येत नाही. मुलांना हा फरक फार लवकर कळतो. एका मुलाने तर मला विचारले, “मग परीक्षेत सगळे पहिल्या जातीचेच प्रश्न का असतात?” मी विषय बदलला.

दुसरी शिस्त एकच लावावी. कोणी काही मत दिले की शेजारच्याने विचारावे, “पुस्तकात कोठे?” मग पान काढावे, मोठ्याने वाचावे. मत हवेतून आले की पुस्तकातून आले, हे तेव्हाच ठरते. या दोन शब्दांनी भांडणेही पुष्कळ मिटतात. बैलांची जोडी नाही म्हणून स्वतः जुवाखाली खांदा देणाऱ्या बायकोचा प्रसंग ज्या दिवशी वाचला, त्या दिवशी एका गटात चांगलीच जुंपली. एक मुलगा म्हणाला, “तिने नवऱ्यासाठी केले, ती चांगली बायको.” एक मुलगी म्हणाली, “त्याने बैलाच्या जागी स्वतः उभे राहायचे आणि तिने हाकायचे, असे का नाही?” मुलगे हसले. नोंद ठेवणाऱ्याने विचारले, “पुस्तकात कोठे?” सर्वांनी तो प्रसंग पुन्हा वाचला. ती उत्तरासाठी अडून राहिली. हसणे थांबले आणि पुढची पंधरा मिनिटे, नांगर धरणाऱ्याचे काम जड की ओढणाऱ्याचे, यावर शेतकऱ्यांची ती मुले अत्यंत गांभीर्याने बोलली. निकाल लागला नाही. तास संपला तरी बोलणे मैदानात चालूच होते.

शिक्षकाने या वेळात काय करावे? गटाच्या मागे बसावे, वहीत टिपणे घ्यावीत आणि तोंड मिटून ठेवावे. मुले वाचनातच चुकली, कोणाच्या जातीवरून किंवा घरावरून कोणी टोचून बोलले, किंवा गट पूर्ण अडला, तरच आत यावे, आणि अडलेल्या गटालाही उत्तर न देता एखादे पान दाखवून परत जावे. शांतता सहन करणे हे आपल्याला सर्वांत जड जाते. वर्ग मिनिटभर शांत राहिला की आपण बोलू लागतो. त्या तरुण शिक्षकांनी खिशात खडूचा तुकडा ठेवला होता. बोलावेसे वाटले की ते तो मुठीत धरीत. तासाच्या अखेरीस त्यांची मूठ पांढरी झालेली मी पाहिली आहे.

शेवटच्या प्रकरणांचा तास दसऱ्यानंतर आला. त्या गावातून दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्यामागे नवरा-बायको दोघेही जातात, लहान मुले बरोबर नेतात, आणि शाळेतील मुले कोणी आजीजवळ तर कोणी हंगामी वसतिगृहात राहतात. त्या गटात अशा घरची एक मुलगी होती. आठवडेच्या आठवडे तिने नोंद ठेवण्यापलीकडे काही केले नव्हते. वाडी उठून जाते तो भाग वाचून झाला आणि चर्चा चालविणाऱ्याने विचारले, “लोकांनी जायला नको होते का?” सरपंचांचा मुलगा म्हणाला, “थोडी कळ काढायची. सरकारकडे अर्ज करायचा.” तेव्हा ही मुलगी वही मिटून म्हणाली, “जाताना कोंबड्या कोणाकडे ठेवायच्या, यावर आमच्या घरी दोन दिवस भांडण होते. इथल्या लोकांनी काय केले ते शोधा.” गटाने ती पाने पुन्हा चाळली. त्यांना हवे होते तेवढे मिळाले नाही. मग तीच सांगू लागली. घराची किल्ली कोणाला देतात, दारापुढील तुळशीला पाणी कोण घालते, म्हातारीची औषधे कोठे ठेवतात, गाडी पहाटेच का निघते. ती दहा मिनिटे बोलली. सरपंचांचा मुलगा एकदाही मध्ये बोलला नाही.

त्यानंतर दुसरा एक मुलगा म्हणाला, “पण मास्तर पण गेलाच ना शेवटी.” कोणी म्हणाले, “मुले नाहीत तर शाळा कोणाची?” त्यावर पहिल्याचे उत्तर, “मुले परत आली म्हणजे?” आणि मग मला जे होईल असे वाटत होते तेच झाले. गट मागे वळला. “सर, आमचा पट कमी झाला तर तुमची पण बदली होते ना?”

बंधुभगिनींनो, त्या वर्षी त्या शिक्षकांचे नाव बदलीपात्र यादीत होते. मुलांना ते ठाऊक नव्हते, मला होते. मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले. त्यांना ‘हे पुस्तकाबाहेरचे आहे’ असे म्हणता आले असते. मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालोही असतो. ते म्हणाले, “होय, होऊ शकते. यादीत नाव आहे.” आणि पुन्हा गप्प बसले. गटाने पुढे जे केले ते नमूद करण्यासारखे आहे. मुलांनी मास्तरविषयीचे आपले मत बदलले नाही. त्यांनी नोंदवहीत लिहिले, ‘तीन जणांचे मत : मास्तराने थांबायला हवे होते. दोन जणांचे मत : त्याचा इलाज नव्हता. एकाचे मत : ठरलेले नाही.’ ही नोंद मी उतरवून आणली आहे. सभा संपल्यावर पाहावयास मिळेल.

मूल्यमापनाविषयी लगेच सांगतो, कारण त्यावाचून आपले समाधान होणार नाही. आकारिक मूल्यमापनात या कामाची नोंद सहज बसते. परंतु ‘चर्चेत भाग घेतला’ असा शेरा सर्व मुलांपुढे सारखा लिहू नये. त्या मुलीपुढे ‘सहा आठवडे केवळ नोंद ठेवली, नंतर अनुभवाचा आधार देऊन मजकुरातील उणीव दाखविली’ असे लिहावे, आणि सरपंचांच्या मुलापुढे ‘ऐकावयास शिकत आहे’ असे. सत्तावीस मुलांपुढे असे लिहावयास आठ आठवडे मिळतात. सध्या वाचनाचा वेग मोजण्याकडे आपले पुष्कळ लक्ष आहे. ते योग्यच आहे, कारण अडखळणाऱ्याला अर्थ लागत नाही. वेग आल्यावर त्याचे काय करावयाचे, त्यासाठी हा तास.

पालक काय म्हणतील, अशी भीती एका भगिनींनी मघाशी चहाच्या वेळी बोलून दाखविली. एका गावी एक पालक खरोखरच आले आणि “पोरगा घरी उलट विचारतो” म्हणून तक्रार करून गेले. मुख्याध्यापकांनी त्यांना पुढच्या तासाला वर्गात बसविले. ते बसले, ऐकले आणि जाताना काही बोलले नाहीत. त्यांचे मत बदलले असे मी सांगत नाही, एवढेच की मुलगा गटात राहिला.

आता त्या हरवलेल्या प्रतीविषयी. ऊसतोडीला जाणाऱ्या त्या मुलीचे वसतिगृहाचे जमले नाही, ती आईबापांबरोबर गेली. जाताना शिक्षकांना विचारून गटाची प्रत बरोबर घेऊन गेली. मुख्याध्यापक काळजीत पडले. मी त्यांना नोंदवहीत ‘वाचनार्थ दिली’ असे लिहून खाली माझी सही घेण्यास सांगितले. चैत्रात ती परत आली तेव्हा पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पाने चुलीच्या धुराने पिवळी पडली होती आणि मधल्या पानांत उसाचे पाचट खूण म्हणून ठेवलेले होते. तळावर कोणाकोणाला वाचून दाखविले, याची तिने मागील कोऱ्या पानावर यादी केली होती. त्यात तिच्या आईचे नाव दोनदा होते. मुख्याध्यापकांनी प्रत निर्लेखित करावयाची काय, असे विचारले. मी नको म्हणालो. ती कपाटात आहे, आणि कपाट उघडे आहे. त्या शिक्षकांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली. नव्या शाळेत त्यांनी गट सुरू केले आहेत, असे ते कळवितात.

शेवटी एक सूचना आणि मग मी थांबतो. जो शिक्षक स्वतः कधी अशा गटात बसला नाही, त्याला तो चालू देता येत नाही. म्हणून पुढील परिषदेचा पहिला तास आपण सर्वांनी विद्यार्थी व्हावयाचे आहे. पुस्तक रा. रं. बोराडे यांचे ‘पाचोळा’, १९७१ सालचे. बोराडे सर आपल्याच मराठवाड्याचे, वैजापूरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. ही कादंबरी एका शिंप्याची बायको, पारबती, आपल्या बोलीत सांगते. ती आठवीच्या मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. केंद्रप्रमुखांकडे सात प्रती आणून ठेवल्या आहेत. शाळावार वाटून घ्याव्यात, निम्मे पुस्तक वाचून यावे, आणि प्रत्येकाने दुसऱ्या जातीचा एक प्रश्न कागदावर लिहून आणावा. मी खिडकीजवळच्या गटात बसेन. माझ्याकडे नोंद ठेवण्याचे काम द्यावे, म्हणजे मला फारसे बोलता येणार नाही.

प्रती नेताना नोंदवहीत सही करण्यास विसरू नये. एवढे बोलून आपली रजा घेतो.